पापलेट सोडायचं कुठे?

समुद्र-संशोधन म्हटलं की संशोधनाची मोठाली जहाजं डोळ्यांपुढे येतात. पण त्यातला बंदरापर्यंत पोचलेला भाग दिसायला साधा आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांच्या मदतीने समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहते. थंड आणि उबदार पाणी जिथे भिडतं, तिथे बहुधा प्लवक वाढतं आणि त्यामागे मासे येतात. त्यावरून कोणत्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर मासळी मिळण्याचा संभव आहे, हे मच्छीमारांना कळवलं जातं. आभाळ भरलेलं असलं की हे गणित अडतं. एरवी मात्र शोधाशोध वाचते आणि डिझेलही वाचतं. यावर आक्षेप असा, की माशांचा पत्ता असा जाहीर करणं म्हणजे समुद्र लवकर रिकामा करणंच नव्हे काय? आक्षेप खरा आहे. मासा कुठे आहे एवढंच सांगून थांबणारं शास्त्र अर्धवट आहे. कोणता मासा सोडायचा, हे त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाने सांगायला हवं.

तो अर्धा भागही आपल्याकडे आहे, फक्त त्याचा गाजावाजा झालेला नाही. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटी एक पिशवी असते. सगळी मासळी तिथे गोळा होते. नेहमीच्या जाळ्यात त्या पिशवीची आस, म्हणजे जाळीचं भोक, शंकरपाळ्याच्या आकाराची असते. जाळं ओढलं, मासळीचा भार पडला, की ती लांबट होऊन मिटत जाते आणि मग बोटाएवढं पिल्लूसुद्धा बाहेर पडत नाही. तेच जाळं आस चौकोनी राहील असं बांधलं, तर ताणाखालीही ती उघडी राहते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसेचा आग्रह धरला आहे, तो याचसाठी. यात ना महागडं यंत्र आहे, ना उपग्रह. सूत तेच, फक्त बांधणी वेगळी. माझ्या मते किनाऱ्यावरच्या उपयोजित संशोधनाचा याहून चांगला नमुना सापडणं कठीण आहे.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी चंदेरी पापलेट राज्यमासा झालं. त्याची किमान लांबी आहे १३५ मिलिमीटर. नियम योग्यच, पण मोजपट्टी बंदरावर लागते तेव्हा मासा मेलेला असतो. म्हणून पट्टीपेक्षा आस महत्त्वाची. मच्छीमार म्हणतात, एकाच जाळ्यात कोळंबी, बोंबील, पापलेट असं सगळं येतं, मग एकच माप सगळ्यांना कसं लागू करणार? हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मोठी आस ठेवली तर लहान कोळंबी हातची जाते आणि त्या दिवसाचा पैसा घटतो. पण ज्या पिल्लांचा पुढे कुटा, म्हणजे सुक्या मासळीचा चुरा, होऊन कवडीमोल भाव येतो, तीच काही महिन्यांनी चांगल्या दराची मासळी होणार असतात. तोटा आजचा आणि फायदा उद्याचा, त्यातही तो शेजारच्या बोटीला मिळण्याची भीती. खरी अडचण ही आहे. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर हे सोडता येत नाही. नियम सर्वांना एकाच वेळी लागू हवा आणि जाळं बदलायच्या खर्चात शासनाने वाटा उचलायला हवा.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो, की मासे कमी झाले ते सांडपाण्याने आणि तापत्या समुद्राने. जाळ्याचा दोष काय? सांडपाणी आणि तापमान यांचा वाटा आहेच. पण समुद्राचं तापमान कोणत्याही मच्छीमार सोसायटीच्या हातात नाही, आस आहे. राहता राहिलो आपण खाणारे. तळहाताएवढं पापलेट ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून घरी आणलं, तर बंदरावरचा कायदा बाजारात मोडतो. तेव्हा उद्या मासळी घेताना कोळणीला भाव विचारण्याआधी पापलेटची लांबी पाहा, आणि साडेतेरा सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर ते घेऊ नका.