मेदाचा हिशेब



मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी. म्हणून आरोग्याविषयीचे माझे विचार हिशेबाच्या भाषेतच मांडतो.

माझ्या वडिलांचे वयाच्या ६१ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यांची गादी मी चालविली आणि त्यांच्यासारखे पोटही वाढविले. ५८ व्या वर्षी माझे वजन ९२ किलो होते. माळ्यावरून तागा खाली आणताना धाप लागत असे. ‘सावकाश चालण्यानेच चरबी जळते’ असे कोणी सांगितले, म्हणून दोन वर्षे मित्रांसमवेत रोज रमतगमत फिरलो. फेरीची सांगता चहा-फराळाने होई. वजनाचा काटा जागचा हलला नाही.

ते विधान अर्धसत्य होते. सावकाश चालताना खर्च होणाऱ्या ऊर्जेत मेदाचा टक्का अधिक असतो, हे खरे. परंतु एकूण खर्चच अल्प असतो. समजा, अर्ध्या तासाच्या संथ चालीत १०० कॅलरी खर्च झाल्या आणि त्यांतील ६० टक्के मेदातून आल्या, तर ६० होतात. तेवढ्याच वेळात झपाझप चालून २०० खर्च झाल्या आणि मेदाचा वाटा ४० टक्केच असला, तरी ८० होतात. नफ्याचा टक्का पाहून उलाढाल विसरणारा व्यापारी जी चूक करतो, तीच मी करीत होतो.

खात्याची दुसरी बाजूही पाहावी. एक किलो मेदात सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. तेव्हा अर्ध्या तासाची कमाई फराळाच्या एका बशीत सहज बुडते. आहार न आवरता केवळ चालून वजन फारसे उतरत नाही.

मग वेग किती असावा? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. हा मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर तो जोरकस. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, म्हणून नाडीच्या आकड्यापेक्षा ही कसोटी सोपी. स्थूल व्यक्तीस आरंभी साधी चालही मध्यम व्यायाम ठरते. तिने शेजाऱ्याशी स्पर्धा करू नये. गुडघे व हृदय यांना सवय होऊ द्यावी, मग वेग वाढवावा. मधुमेह वा हृदयविकार असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सुचविला. शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही जमेस धरले जातात. दुकानदारास याहून सोयीचे ते काय?

आज मी ६४ वर्षांचा आहे. वजन ८५ किलो, म्हणजे उतरले सातच किलो. परंतु माळ्यावर दोन वेळा चढलो तरी धाप लागत नाही. वजन थोडे उतरले तरी दमसास वाढतो आणि हृदयास त्याचा लाभ होतोच. माझ्या वडिलांना हा हिशेब कोणी समजावून दिला नाही. आपण तो आपल्या घरी अवश्य सांगावा, एवढीच नम्र विनंती.