परतीचे ऋण
(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या स्नेहपरिवारातील अनेक ज्येष्ठ दांपत्ये विवाहाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त परदेशी मुलांकडे जातात, काही महिने राहतात आणि परत आल्यावर आठवणीने रुग्णालयात डोकावतात. सुखरूप परतल्याच्या समाधानातून काहीतरी देऊनही जातात. परदेशगमन आणि परतल्यानंतरची कृतज्ञता यांचा एक थोर आदर्श महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. तो म्हणजे पंडिता रमाबाईंचा. त्याविषयी आज चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. १८८६ च्या मार्च महिन्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोहोचल्या. आनंदीबाई त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांची वाट पाहत होता. परंतु शरीर क्षयाने पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. घरी परतणे आणि परतून हाती काम घेता येणे ही किती मोठी कृपा आहे, हे रुग्णालयात वावरणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, गावोगावी व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या, स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे धर्मोपदेशक तिचे अध्यक्ष होते. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे वचन या मंडळींनी दिले.

१८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी त्यांनी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. परतल्यापासून शाळा उघडेपर्यंत दोन महिनेही गेले नाहीत. गोदूबाई ही तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे त्याच धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. त्याच वर्षी रमाबाईंनी अमेरिकेचे प्रवासवर्णन मराठीत प्रसिद्ध केले. तिथल्या लोकांच्या संघटित परोपकाराची त्यांनी मुक्तकंठाने स्तुती केली. पण कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल बोलण्यासही त्या कचरल्या नाहीत. यजमानांचे ऋण मानताना सत्य झाकावे लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

१८९० च्या अखेरीस शारदा सदन पुण्यास गेले. मुंबई-पुण्याचा तो लोहमार्ग आपल्या याच शेलूवरून जातो. पुण्यात मात्र कसोटीचा काळ आला. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या आणि शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, अशी येथील पालकांची अपेक्षा होती. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती उपासनेकडे होऊ लागताच वाद पेटला. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार म्हणून असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती चुकले, याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. धर्मादाय संस्थेने त्यातून एवढेच शिकावे की, दूरच्या देणगीदाराचा विश्वास जितका मोलाचा, तितकाच दारात आपले माणूस सोपवून जाणाऱ्याचा विश्वासही मोलाचा असतो.

दहा वर्षांची मुदत भरत आली, तेव्हा रमाबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. मदत थांबली तरी संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहावी, म्हणून त्यांनी केडगाव येथे शेतीसाठी जमीन घेऊन ठेवली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो निराधार मुलींना त्याच जमिनीवर आसरा मिळाला. मुक्ती सदन उभे राहिले ते तेथेच. १८९८ च्या आरंभी, वचनाची दशकपूर्ती झाल्यावर, त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या. पहिल्या प्रवासात त्यांनी वचन मिळवले होते. या प्रवासात त्या वचनाचा हिशेब द्यावयाचा होता. तो दिल्यावर ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ या नव्या नावाने मदत पुढे चालू राहिली. त्या दूर असताना सुंदराबाई पवार आणि मिनी एब्रम्स यांनी इकडचे काम सांभाळले. प्रवास करणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. मागे राहून चूल, शाळा आणि आजारी मुलींचे अंथरूण सांभाळणाऱ्यांचे ऋणही तितकेच मोठे असते. आमच्या परिचारिका, आया आणि रात्रपाळीचे सेवक यांच्याविषयी आम्हांला हेच म्हणावयाचे आहे.

येथे आणखी एका परतीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कर्जत-खालापूर परिसरातील कितीतरी कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की आगाऊ उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. त्यांच्या प्रवासाला महोत्सव नसतो. परतताना कोणाच्या अंगात ताप असतो, कोणा लेकराचे वजन घटलेले असते, एखादी गर्भवती एकदाही तपासली गेलेली नसते. विमानाने परतलेल्या आपल्यासारख्यांची कृतज्ञता या पायी परतणाऱ्यांपर्यंत पोहोचली, तरच तिला काही अर्थ आहे. तिला पोहोचण्याची वाट असावी, म्हणूनच हे रुग्णालय आहे.

देणगीदारांना आमची विनंती एवढीच आहे. एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी, जमेल त्यांनी ठरावीक वर्षांचे वचन द्यावे. वर्षभराची निश्चिती असली की औषधे वेळेवर मागवता येतात आणि वाडीवरची तपासणी खंडित होत नाही. मुदत संपल्यावर आमच्याकडून हिशेब अवश्य मागावा. तो आम्ही न मागताही देऊ. रुग्णांच्या आप्तांनीही संकोच न धरता विचारावे, कारण ज्यांनी आपले माणूस आमच्या हाती दिले, त्यांचा अधिकार कोणत्याही देणगीदाराहून कमी नाही.

जे यंदा दूरचा प्रवास करून सुखरूप घरी आले, त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. जे या रुग्णालयातून बरे होऊन घरी परतले, त्यांना दीर्घायुष्य चिंतितो. ज्यांचे माणूस परतू शकले नाही आणि तरीही जे आज येथे आले आहेत, त्यांच्यापुढे आम्ही नम्र आहोत.