आधी पेट्रोलची धार पाहा

1955 साली मद्रासला बुलेट मोटारसायकल जोडायला सुरुवात झाली. तसल्या जुन्या गाड्या अजून धावताना दिसतात. चालता चालता गाडी फुरफुरते नि बंद पडते. थोडे थांबून किक मारली की पुन्हा चालते. लोक लगेच कार्ब्युरेटर खोलायला बसतात. आम्ही म्हणतो, आधी धार पाहा. टाकीत पेट्रोल आहे ना, तेही पाहा. हसू नका!

या जुन्या गाडीत पेट्रोलला पंप नाही. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. पाटाच्या पाण्यासारखे पेट्रोल आपोआप उतरते.

इंजिन थंड होऊ द्या. गाडी उघड्यावर घ्या. विडी, कंदील, चूल जवळ नको. पेट्रोलची वाफ दिसत नाही. ती जमिनीलगत पसरते नि लांबच्या ठिणगीनेही भडकते. घरात, गोठ्यात हे काम करूच नका.

आता कॉक बंद करा. कार्ब्युरेटरकडची नळी काढून पत्र्याच्या स्वच्छ डब्यात धरा. कॉक उघडा. धार अखंड पडली तर टाकी, कॉक, नळी ठीक. दोष पुढे आहे. आधी धार नि मग थेंब थेंब? टाकीचे झाकण सैल करा. धार पुन्हा लागली तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळतेच की! वर हवा शिरली तरच खाली धार लागते. झाकण काढूनही धार बारीकच असेल, तर कॉकच्या जाळीत गंज, कचरा साचला असेल.

नळी तोंडाने ओढू नका. पेट्रोल फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते.

काम झाले की कॉक बंद करून नळी घट्ट बसवा. सांडलेले पेट्रोल पुसा. ते पुरते वाळेपर्यंत किक मारू नका.