गेमची पेटी आणि आमची सोमवारची बैठक

आम्ही अकरा जणी एका बचत गटाच्या. बोलायला आत तिघीच आलोय, बाकीच्या बाहेर बसून ऐकतायत आणि खुणा करून चुका काढतायत. विषय थोडा वेगळा आहे. पोरांची व्हिडिओ गेमची पेटी असते ना, टीव्हीला जोडून खेळायची, त्या पेटीवर आम्ही गेले आठ महिने आमचे माहितीचे व्हिडिओ बघतोय. ते कसं जमलं आणि कुठे फसलं, ते सांगायला आलोय.

आमची बैठक सोमवारी रात्री आठला, सचिव वहिनींच्या सोप्यात. हजेरी, बचत, कर्जाचे हप्ते, इतिवृत्त झालं की सीआरपी ताईंनी पाठवलेला व्हिडिओ बघायचा. कधी मुरघास, कधी शेळीचं लसीकरण, कधी नुसतं वही कशी लिहायची ते. फोन एक आणि डोकी अकरा. पुढच्या चौघींना दिसायचं, मागच्यांना फक्त आवाज. एकदा मुरघासाचा व्हिडिओ संपल्यावर मागच्या काकूंनी विचारलं, "पिशवीचं तोंड कसं बांधलं?" तेच तर बघायचं होतं.

म्हणून विषय निघाला की गटाच्या पैशातून एक स्मार्ट टीव्ही घेऊ या. वहिनींचा टीव्ही चांगला आहे, ३२ इंची, पण साधा. त्याच्यात इंटरनेट चालत नाही. नव्याला दहा-बारा हजार सांगितले. गटाकडे शिल्लक होती चौदा हजार. आणि त्याच बैठकीत आमच्यातल्या एकीने मुलीच्या आयटीआयच्या फीसाठी सात हजार मागितले होते, तेही बुधवारच्या आत. टीव्ही घेतला तर कर्ज नाही आणि कर्ज दिलं तर टीव्ही नाही. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण दोघींचे चेहरे पडले. टीव्हीचा विषय जिने काढला होता तिचा आणि फी भरायची होती तिचा.

तेव्हा वहिनींच्या सासूबाई, आम्ही सगळ्या त्यांना आत्याच म्हणतो, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ती पोराची काळी पेटी कपाटात कशाला ठेवलीय? ती पण टीव्हीलाच जोडायचा ना तो?"

पेटी म्हणजे प्लेस्टेशन ३. वहिनींच्या थोरल्याला त्याच्या पुण्याच्या मामांनी जुनी दिलेली. तो नोकरीला पुण्याला गेला आणि पेटी कापडात गुंडाळून कपाटात. वहिनींनी तिथल्या तिथे त्याला फोन लावला. तो आधी म्हणाला, "आई, हात लावू नको, बिघडेल." मग म्हणाला, "पण पिक्चर चालतात त्याच्यावर. मी हॉस्टेलला बघायचो." मग सगळ्यांनी फोनकडे बघितलं, आणि बिचारा तासभर व्हिडिओ कॉलवर अडकला.

आता थोडं पेटीबद्दल. ही सोनी कंपनीने २००६ साली काढली. तिच्या आधीची प्लेस्टेशन २ जपानमध्ये २००० साली आली, तेव्हा डीव्हीडी लावायचं यंत्र महाग होतं, म्हणून कित्येक घरांनी ती डीव्हीडी बघायलाच घेतली. म्हणजे या पेट्यांवर पिक्चर बघणं हा काही आमचा शोध नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने तर २०१० साली अशा सतराशेहून जास्त प्लेस्टेशन ३ एकमेकींना जोडून मोठा संगणक केला होता. आणि आम्ही तिला खेळणं म्हणून कापडात बांधून ठेवलं होतं.

जोडणी सोपी आहे. वीज एका वायरीने आणि चित्र-आवाज दुसऱ्या वायरीने, तिला एचडीएमआय म्हणतात. टीव्ही फार जुना असेल तर लाल-पांढरी-पिवळी तीन टोकांची वायर येते, ती पण चालते. रिमोटच्या जागी हातात धरायचा कंट्रोलर असतो. त्याच्यावर फुली, गोल, चौकोन, त्रिकोण अशी चार बटणं. फुली म्हणजे हो, पुढे चला. गोल म्हणजे नको, मागे या. फुली-गोळा खेळलेल्या बायकांना हे एवढं अवघड नाही, तरी पहिले दोन सोमवार कंट्रोलर गरम तव्यासारखा एकीकडून दुसरीकडे फिरत होता.

पहिला अडथळा पेनड्राइव्हचा. वहिनींच्या धाकटीकडे ६४ जीबीचा होता. त्याच्यावर फोनमधले व्हिडिओ घेतले, पेटीला लावला, तर पेटीला दिसेचना. थोरला म्हणाला, पेनड्राइव्हमध्ये आत माहिती मांडायची एक पद्धत असते, जसे कपाटाचे कप्पे. या पेटीला फॅट३२ नावाची जुनी मांडणीच कळते. ६४ जीबीचे बहुतेक पेनड्राइव्ह दुसऱ्या मांडणीचे येतात. शाळेतल्या बाईंचा १६ जीबीचा आणला, तो दिसला. पण त्यातही व्हिडिओ रिकामे! मग कळलं की पेनड्राइव्हच्या नावावर जाऊन त्रिकोण दाबायचा आणि 'डिस्प्ले ऑल' म्हणजे 'सगळं दाखव' निवडायचं. तेवढं केलं आणि मुरघासाची पिशवी हातभर मोठी होऊन समोर आली. काकूंनी गाठ नीट बघितली. दोनदा बघितली.

फीचे सात हजार त्याच रात्री मंजूर झाले. मुलगी आता आयटीआयला जाते.

दुसरी गोष्ट वायफायची. ही नीट ऐका, कारण आमचाही इथे गैरसमज होता. वायफाय म्हणजे इंटरनेट असं आपण धरून चालतो. तसं नाही. वायफाय म्हणजे नुसता घरातला बिनवायरीचा रस्ता. त्या रस्त्याने बाहेर गेलं तर इंटरनेट लागतं आणि रिचार्ज संपतो. पण फोनमधला व्हिडिओ त्याच घरातल्या टीव्हीवर न्यायचा असेल तर घराबाहेर जायचंच नाही, मग डेटा कशाला संपेल? थोरल्याने वहिनींच्या फोनवर बबलयूपीएनपी नावाचं ॲप टाकून दिलं. त्यातलं मीडिया सर्व्हर चालू केलं की फोन पंगतीतला वाढपी होतो. पेटी पान मांडून बसते, तिला जो व्हिडिओ हवा तो फोन वाढतो. पेटीच्या सेटिंगमध्ये मीडिया सर्व्हरची जोडणी चालू ठेवायची आणि व्हिडिओच्या रांगेत 'सर्च फॉर मीडिया सर्व्हर्स' वर फुली मारायची. फोनचं नाव तिथे येतं. आम्ही फोनचा हॉटस्पॉट लावतो आणि मोबाइल डेटा बंद ठेवतो. चालू राहिला तर पेटी आपल्या मनाने काहीतरी उतरवून घेते.

हे सांगायचं कारण, यूट्यूबवर तासभर बरं चित्र बघितलं तर साधारण एक जीबी जातो, जास्त स्वच्छ हवं असेल तर दोन-तीन. दिवसाला दीड जीबी असणाऱ्या फोनचं काय होणार? म्हणून आम्ही व्हिडिओ आधी फोनवर एकदाच उतरवून घेतो आणि मग हवा तितक्या वेळा बघतो.

आता आत्यांची गोष्ट. त्या ७८ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी नातीने त्यांना जात्यावर बसवून ओव्या म्हणायला लावल्या आणि फोनवर चित्रण केलं. वीस मिनिटांचं आहे. त्या फोनची काच फुटली, अर्धा पडदा काळा. नात म्हणाली, टीव्हीवर लावून बघू. फाइल दिसली, पण तिच्यासमोर इंग्रजीत लिहून आलं की हे चालणार नाही. आत्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या.

कारण असं होतं. नवे फोन चित्रण कमी जागेत बसावं म्हणून ते एच.२६५ या पद्धतीने घडी घालून ठेवतात. ही पद्धत २०१३ ची. पेटी तिच्या कितीतरी आधीची, तिला एच.२६४ ही आधीची घडीच उलगडता येते. मग नातीला आठवलं की तोच व्हिडिओ तिने चार तुकडे करून मुंबईच्या आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. व्हॉट्सॲपने पाठवताना तो जुन्या घडीत घालून लहान केला होता. मुंबईहून ते तुकडे परत मागवले. पुढच्या सोमवारी लागले. चित्र थोडं पुसट, आवाज स्वच्छ. पाचवी ओवी चालू असताना एक सून डोळे पुसत होती आणि आत्या म्हणाल्या, "माझा पदर बघ कसा पडलाय, कुणी सांगितलं पण नाही."

मूळ फाइल आम्ही पुसली नाही. ती काच फुटलेल्या फोनमधून काढून दोन पेनड्राइव्हवर ठेवली, एक मुंबईला. तुमच्याकडे कुणा म्हाताऱ्या माणसाचा आवाज फोनमध्ये पडून असेल तर आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. पेटी असो नसो. आणि नव्याने चित्रण करणार असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' असं काही असतं, ते बंद करून मग करा.

विजेचं पण बोलायला हवं, कारण आमच्या घरांतून पहिला प्रश्न तोच आला. आमची पेटी २००९ नंतरची, बारीक अंगाची. गावातल्या वायरमन भाऊंनी मीटर लावून बघितलं. व्हिडिओ चालू असताना ७० ते ८० वॉट. आठवड्याला दोन तास म्हटलं तर महिन्याला पाऊण युनिटही नाही. पण रोज चार तास मालिका बघायला लावली तर महिन्याला नऊ-साडेनऊ युनिट, टीव्हीचे वेगळे. पहिल्या जाड अंगाच्या पेट्या तर याच्या दुपटीने खातात. टीव्हीला मागून टोचायची जी छोटी स्टिक मिळते ती दोन-तीन वॉटची, चार तास रोज चालली तरी महिन्याला अर्धा युनिट होत नाही. आपल्या बिलावर दर छापलेला असतो, त्याने गुणून बघा.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पेटी घरात पडून असेल तर वापरा. नसेल तर व्हिडिओ बघायला म्हणून विकत घेऊ नका, जुनी स्वस्त मिळाली तरी. जुन्या पेट्यांवरची इंटरनेटची ॲप कंपन्या हळूहळू बंद करतात. आणि नवी पेटी म्हणजे जास्त सोय असंही नाही. प्लेस्टेशन ४ आली २०१३ ला, तिच्यात घरच्या फोनवरून असं वाढून घ्यायची सोय नव्हती. लोकांनी ओरड केली, मग २०१५ ला मीडिया प्लेअर नावाचं ॲप दिलं. ते एकदा इंटरनेट लावून उतरवावं लागतं. तिला ६४ जीबीच्या पेनड्राइव्हची मांडणी मात्र कळते. प्लेस्टेशन ५ मध्ये तर ही वाढपाची सोय कंपनीने ठेवलेलीच नाही. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स ३६० असेल तर ती विंडोजच्या संगणकावरून व्हिडिओ घेते.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. चालू असताना वीज गेली तर घाबरू नका. पुन्हा लावल्यावर पेटी इंग्रजीत सांगते की आतली डिस्क तपासते आहे. फुली दाबायची आणि थांबायचं. पण मुद्दाम पिन उपटू नका, आत फिरती डिस्क आहे. पंख्याचा फार आवाज यायला लागला तर धूळ बसलेली असते. आमच्या पेटीत तर कापसाचे तंतू निघाले. मागची जाळी मोकळी ठेवा, वर पेटीला शोभेचा रुमाल घालू नका. आम्ही घातला होता, भरतकाम केलेला. आणि पेटीत आधीच्या कुणाचं खातं उघडं असेल, त्याला बँकेचं कार्ड जोडलेलं असेल, तर ते आधी काढायला लावा. लहान पोरं खेळता खेळता खरेदीवर फुली मारतात आणि पैसे मामांचे जातात.

कंट्रोलर आता आळीपाळीने एकेकीकडे असतो, हजेरीच्या क्रमाने. ज्यांना अक्षर येत नाही त्या दोघीही लावतात, चित्रावरून. त्यातल्या एकीने परवा आपल्या नवऱ्याला वायफाय आणि इंटरनेट यांतला फरक समजावून सांगितला. आम्ही भिंतीआडून ऐकत होतो.

दिवाळीला थोरला आला. कपाट उघडून बघितलं, पेटी नाही. आईला विचारतो, "मी माझा गेम लावू का?" उत्तर आत्यांनी दिलं, "लाव की, सोमवार सोडून."

येत्या सोमवारी आम्ही गांडूळ खताचा व्हिडिओ बघणार आहोत. शेजारच्या वस्तीवरच्या गटांनी यायला हरकत नाही, सोप्यात वीस जणी बसतात. येताना काही दाखवायला आणणार असाल तर १६ किंवा ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर आणा, आणि आठच्या आधी या, म्हणजे चालतं का ते बघता येईल.