असेल तर एक, नसेल तर शून्य

माघी पौर्णिमा जवळ आली म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील सालेकसा तालुका गजबजून जातो. दरेकशानजीकच्या डोंगरांत कचारगडची विशाल गुहा आहे. गोंड समाज तिला आपल्या आद्य पूर्वजांचें स्थान मानतो, आणि महाराष्ट्रांतूनच नव्हे तर छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगणा येथूनहि भाविकांचे थवे धनेगांवास लोटतात. यात्रेच्या दिवसांपुरते मांडव पडतात, पाण्याची व औषधोपचाराची सोय होते. यात्रा सरली कीं मांडव उतरतो. बाराहि महिने तो उभा ठेवावा असें कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि तो उतरतांना कोणास हळहळहि वाटत नाहीं.

आजच्या संगणकविद्येपुढें एक प्रश्न नेमका ह्याच जातीचा आहे. एखादें साधन कांहीं प्रसंगींच हवें असेल, तर तें लेखांत मांडावें कसें?

पूर्वीं कचेरीचा संगणक कचेरींतच असे. आतां तो पुष्कळदां भाड्याचा असतो. ॲमेझॉन कंपनीनें 2016 सालीं आपल्या क्लाउड सेवेचें केंद्र मुंबईस उघडलें; तेव्हांपासून सालेकशाचें दफ्तर मुंबईच्या यंत्रावर ठेवणें ही अवघड गोष्ट राहिली नाहीं. अशीं यंत्रें एकेक करून हातानें मागविण्याऐवजीं 'इतकीं यंत्रें, इतकी साठवण, असें जाळें' असा मसुदाच लिहून ठेवतात. हॅशिकॉर्प कंपनीनें 2014 सालीं प्रसिद्ध केलेलें टेराफॉर्म हा मसुदा वाचून त्याबरहुकूम मांडणी करतें. 2023 सालीं त्याच्या परवान्यावरून वाद होऊन ओपनटोफू ही निराळी शाखा निघाली. परंतु येथें सांगावयाची रीत दोहोंस सामाईक आहे.

हा मसुदा हुकूमनामा नव्हे, तें वर्णन आहे. 'यंत्र आण' असें त्यांत नसतें. 'यंत्र आहे' असें असतें. टेराफॉर्म आपली खतावणी व तें वर्णन ताडून पाहतें. वर्णनांत आहे आणि खतावणींत नाहीं, तें उभारतें. खतावणींत आहे आणि वर्णनांतून गेलें, तें मोडून टाकतें. ह्या उत्तरार्धाचा विसर पडतो, आणि बहुतेक अनर्थ तेथूनच उद्भवतात.

ह्या भाषेंत आरंभीं 'जर' नव्हता. 'किती' मात्र होतें. तेव्हां लोकांनीं युक्ति काढली कीं, वस्तु नको असेल तर तिची संख्या शून्य लिहावी. 2016 च्या अखेरीस आलेल्या 0.8 ह्या आवृत्तींत अट लिहिण्याची सोय झाली, आणि युक्तीला पूर्ण रूप आलें: यात्रा असेल तर एक, नसेल तर शून्य. शून्याला ही नवी चाकरी मिळालेली पाहून गंमत वाटते.

आतां श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, यात्रेसाठीं नोंदणीची व्यवस्था ह्या पद्धतीनें उभारली आहे. मसुद्यांत 'यात्रा : होय' लिहितांच गर्दी पेलण्यास दोन जादा यंत्रें चालू होतात. हरवलेल्या मुलांची आणि आजारी यात्रेकरूंची नोंद जींत जाते ती साठवणहि लिहिणाऱ्यानें सोयीखातर त्याच अटीखालीं घातली. यात्रा संपते, 'होय' च्या जागीं 'नाहीं' येतें. यंत्रें जातात, तें योग्यच. परंतु त्यांबरोबर नोंदहि जाते, आणि तिची प्रत काढून ठेवली नसेल तर कायमची जाते. मांडव उतरविणारा मनुष्य आंतली वही उचलून बाजूस ठेवतो; मसुदा अमलांत आणणाऱ्या यंत्रास तो विवेक नसतो. म्हणून तात्पुरतें तेवढेंच अटीखालीं घालावें आणि वही अटीबाहेर ठेवावी. 'हें मोडूं नये' असें बजावणारें कलम लिहितां येतें खरें. पण तें त्या साठवणीच्या परिच्छेदांतच असतें. कोणीं सबंध परिच्छेदच खोडला, तर रखवालदारहि त्याबरोबर जातो.

दुसरा घोटाळा क्रमांकांचा. आमगांव, सालेकसा, देवरी ह्या तीन ठिकाणांसाठीं एकेक यंत्र हवें म्हणून यादी केली, तर 'किती' च्या रीतीनें त्यांस 0, 1, 2 असे क्रमांक पडतात. पुढें आमगांव वगळलें कीं सालेकसा 0 वर सरकतें, देवरी 1 वर येते, आणि क्रमांक 2 बेवारशी ठरून मोडला जातो. वगळलें आमगांव, आणि बुडालें देवरीचें यंत्र! शिवाय आमगांवच्या जुन्या यंत्रावर सालेकशाची पाटी लागते ती निराळीच. 2019 सालापासून साधनें क्रमांकाऐवजीं नांवानें मांडतां येतात. तेथें आमगांव काढलें तर आमगांवच जातें. एकाच वस्तूच्या असण्या-नसण्यास शून्य आणि एक पुरतात, अनेक गांवांस नांवेंच हवींत.

अटीचें उत्तरहि आगाऊ ठाऊक असावें लागतें. 'पहिलें यंत्र उभें राहूं द्यावें, त्याला कोणता पत्ता मिळतो तें पाहून दुसऱ्याचें ठरवावें' अशी अट टेराफॉर्म नाकारतें, कारण आराखडा आधीं आणि उभारणी नंतर. माघी पौर्णिमा पंचांगांत आधींच छापलेली असते, तशी अट हवी.

तो आराखडा कामापूर्वीं पडद्यावर उमटतो, आणि शेवटीं एका ओळींत बेरीज असते. यात्रेनंतरच्या सकाळीं तींत दोन यंत्रांचा हिशेब अपेक्षित असतांना 'उभारावयाचें 0, बदलावयाचें 0, मोडावयाचें 3' असें दिसलें, तर होकार देण्यापूर्वीं ती तिसरी वस्तु कोणती हें वर जाऊन वाचण्यास अजून वेळ असतो.