हातोडी आणि बुद्धी : शिल्पकार हॅरी बर्टोया



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आम्ही पडलो शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मोठे सिद्धान्त मांडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आपल्यासारख्या सुवर्णकारांच्या घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो, त्याचा विचार एका परदेशी कारागिराच्या चरित्राच्या आधारे करावा, असे आम्ही योजिले आहे. प्रश्न असा : मुलाचा हात ऐरण-हातोडीत गुंतला, म्हणजे त्याची बुद्धी वाया गेली काय?

हॅरी बर्टोया यांचे मूळ नाव आरिएतो. त्यांचा जन्म १० मार्च १९१५ रोजी इटलीच्या फ्रिउली प्रांतातील सान लोरेन्झो या खेड्यात झाला. १९३० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते अमेरिकेत डिट्रॉइट शहरी वडील बंधू ओरेस्ते यांच्याकडे आले आणि तेथेच राहिले. देश नवा, भाषा परकी. परंतु कास टेक्निकल हायस्कूलमध्ये चित्रकलेबरोबर दागिने घडविण्याचेही शिक्षण त्यांना मिळाले. पुढे १९३७ साली क्रॅनब्रूक कला अकादमीची शिष्यवृत्ती लाभली आणि १९३९ साली तेथील धातुकामाची कार्यशाळा त्यांच्याच हाती सोपविण्यात आली. काल शिकावयास आलेला तरुण आज शिक्षक झाला!

त्यांचे दागिने पाहिले, तर आपल्यास प्रथम नवल वाटेल. त्यांत रत्नांचा थाट जवळजवळ नाही. चांदीची किंवा पितळेची तार ठोकून चपटी करावयाची, तुकड्यास तुकडा रिबिटाने जोडावयाचा आणि त्यातून पान, कीटक, पाण्यातील सूक्ष्म जीव यांची आठवण करून देणारे आकार उभे करावयाचे, अशी ती रीत. हातोडीचे घाव त्यांनी लपविले नाहीत. दागिन्याचे मोल धातूच्या वजनात नसून घडणीत आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई पडली. मोठ्या कामास धातू मिळेना. तेव्हा थोडक्या धातूत भागणाऱ्या दागिन्यांकडे ते अधिक वळले. चार्ल्स आणि रे ईम्स या विख्यात रचनाकार दांपत्याच्या १९४१ मधील विवाहाची अंगठीही त्यांच्याच हातची.

१९४३ साली ते कॅलिफोर्नियात गेले. ईम्स यांच्याबरोबर काम करीत असतानाच्या त्या वर्षांत ते धातू वितळवून जोडण्याचे तंत्र शिकले. १९५० साली पेनसिल्व्हेनियात नोल या फर्निचर कंपनीकडे आले आणि १९५२ साली त्यांची ‘डायमंड’ खुर्ची बाजारात आली. लोखंडी सळ्यांची जाळी वाकवून केलेली ही बैठक म्हणजे जणू दागिन्याचीच थोरली बहीण! तिच्या यशामुळे चरितार्थाची काळजी दूर झाली आणि शिल्पास वाहून घेणे शक्य झाले. १९५५ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेतील प्रार्थनामंदिरासाठी त्यांनी वेदीमागील शिल्प केले. वरून येणाऱ्या उजेडात बारीक तारांवर टांगलेले धातूचे असंख्य लहान तुकडे झगमगतात. एवढ्या भव्य कामातही प्रत्येक तुकड्याची निगा मात्र सोनाराचीच.

पुढे त्यांच्या ध्यानात आले की, एकमेकींवर आपटणाऱ्या तारांतून मधुर नाद निघतो. मग लांबी, जाडी आणि धातू बदलून त्यांनी सळ्यांची नादशिल्पे घडविली. आपल्या जुन्या धान्यकोठारात ती मांडून त्यांचे ध्वनिमुद्रण केले. या नादप्रयोगांत बंधू ओरेस्तेही सहभागी होते. आपल्या शिल्पांवर ते सही करीत नसत. ६ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत हाताखाली काम केलेले पुत्र व्हाल यांनी तो वारसा पुढे चालविला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बर्टोयांची बुद्धी हातोडीने मारली नाही, उलट तिला वाट दाखविली. मात्र नुसती हातोडी पुरली असती, असेही नव्हे. शाळेने कारागिरीस वर्गात जागा दिली, शिष्यवृत्तीने धीर दिला, म्हणून त्या मुलाचे सोने झाले. आपल्या शिक्षणनिधीतून डॉक्टर-इंजिनियर होणाऱ्यांस साहाय्य मिळते, ते योग्यच आहे. परंतु ज्याचे मन जंत्रीतून तार ओढण्यात रमते, त्या मुलास वा मुलीस कलाशाळेत जाण्यासाठी याच निधीतून हात का मिळू नये? ‘परीक्षेत मागे पडला, म्हणून पेढीवर बसविला’ असे आपण म्हणतो, तेव्हा मुलाचा आणि धंद्याचा असा दोहोंचाही अपमान करतो. कार्यकारी मंडळाने याचा अवश्य विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.