जिल्हा परिषद आणि आपली कुटुंबे
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून वधूवर-परिचय, विद्यार्थी-साहाय्य आणि समाजमंदिराची दुरुस्ती या विषयांचा ऊहापोह होतो. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु यंदा बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्ही बुद्ध्याच एक रुक्ष विषय निवडला. जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांच्या लोकोपयोगी योजनांची वार्ता आपल्या घरांपर्यंत पोहोचते काय, आणि पोहोचत नसेल तर का, हा तो विषय होय. आमची सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत झाली. तिचे मीठ आम्ही खाल्ले आहे. तेव्हा तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांस असावा.

आरंभी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. बळवंतराय मेहता समितीने १९५७ साली ग्रामीण कारभार लोकांच्या हाती सोपविण्याची शिफारस केली; त्या समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मात्र जिल्ह्याची पातळी बळकट असावी असे मत दिले. तदनुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, या संस्थांस राज्यघटनेचे अधिष्ठान लाभले. आणि २०११ पासून आपल्या राज्यात त्यांतील निम्म्या जागा स्त्रियांकरिता राखीव आहेत. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, गावचे रस्ते, पाणीपुरवठा, गुरांचा दवाखाना, अंगणवाडी, एवढा विस्तीर्ण प्रपंच या संस्थेच्या माथी आहे. शिवाय शिवणयंत्रे, मुलींना सायकली, औषध फवारणीचे पंप, अपंगांना साहाय्य अशा वैयक्तिक लाभाच्या योजना जिल्ह्याजिल्ह्यांतून निघत असतात. ग्रामपंचायतीलाही आपल्या उत्पन्नातील शेकडा ५ भाग अपंगांसाठी खर्च करावा लागतो. आपल्या ज्ञातीत अपंग व्यक्ती असलेली घरे आहेत. त्यांपैकी कितींनी ही रक्कम कोठे खर्च झाली असे पंचायतीत विचारले आहे?

आमच्या शेजारच्या गावी घडलेली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आपल्याच ज्ञातीतील एक विधवा भगिनी शिवणकाम करून दोन मुलांचे शिक्षण करीत आहे. शिवणयंत्राच्या योजनेची सूचना पंचायतीच्या फलकावर पंधरा दिवस लटकत होती. तिचे दीर पदवीधर. त्या फलकावरून त्यांचे दिवसातून दोनदा जाणे-येणे. त्यांनी ती वाचली नाही, कारण असल्या सूचना आपल्यासाठी नसतात अशी त्यांची समजूत! मुदत सरल्यावर आठ दिवसांनी बाईंना बाजारात कळले. तिची पात्रता पुरती होती, कागदपत्रे घरात होती. तरी वर्ष फुकट गेले.

शिकलेल्या घरांतील हा जो संकोच आहे त्याचा आम्हांस खेद वाटतो. ग्रामसभा म्हणजे भांडणतंट्याचा अड्डा, तेथे सभ्य माणसाने जाऊ नये, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. वास्तविक कायद्याने वर्षात किमान ४ ग्रामसभा झाल्याच पाहिजेत, आणि नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरली पाहिजे. अनेक योजनांत लाभार्थी निवडण्याचा अधिकार त्या सभेचा आहे. शेकडा १५ मतदार किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी ती, एवढी हजेरी लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला हजेरीची अट राहत नाही! मग मोजकी माणसे सतरंजीवर बसून गावाचा निकाल लावतात. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण कोठे होतो हे पाहावे.

त्यात २०२२ साली राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. त्या काळात सदस्याच्या ओसरीवर जाऊन विचारण्याची जुनी सोय उरली नाही, आणि ‘तुमचे काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थांचे मात्र फावले.

आता एक अडचण अशी आहे की जिच्यावर आपली संस्था उपाय करू शकेल. पूर्वी योजनेत वस्तूच मिळे, आणि ती पुष्कळदा निकृष्ट निघे. डिसेंबर २०१६ च्या शासननिर्णयाने ही पद्धत पालटून, लाभार्थ्याने वस्तू स्वतः खरेदी करावी, पावती सादर करावी आणि मग अनुदान त्याच्या बँकखात्यात जमा व्हावे, असे ठरले. हेतू स्तुत्य आहे. परंतु ज्याच्याजवळ यंत्र घेण्यास पैसा नाही त्यालाच आधी पैसा घालावा लागतो. नाव यादीत येऊनही केवळ यासाठी माणसे माघार घेतात, किंवा सावकाराकडून उचल घेतात आणि अनुदानाचा मोठा भाग व्याजात घालवितात.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे आम्ही लेखी सूचना ठेवली आहे. संस्थेच्या कायम निधीच्या व्याजातून एक छोटा फिरता निधी वेगळा काढावा. निवडपत्र पाहून वस्तूची किंमत दुकानदारास परस्पर द्यावी. अनुदान जमा होताच ती बिनव्याजी परत घ्यावी. निधी बुडेल अशी भीती आमच्या खजिनदारांनी व्यक्त केली आहे. ती अगदीच अनाठायी नाही, कारण अनुदान कधी कधी महिनोन्‌महिने रेंगाळते. म्हणून पहिल्या वर्षी पाच कुटुंबांपुरताच प्रयोग करावा.

दुसरे असे की प्रत्येक गावी आपल्यापैकी दोघांनी, त्यांत एक स्त्री असावी, आठवड्यातून एकदा पंचायतीचा फलक वाचून वहीत उतरून घ्यावा. अर्ज दिला की पोच मागावी. पोचेवाचून अर्ज म्हणजे पत्ता न लिहिलेले पत्र. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून अमलात आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. ती टळल्यास अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तेथेही गाऱ्हाणे मांडता येते.

एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस पृच्छा केली, “गुरुजी, ही वही फक्त आपल्या माणसांपुरतीच ना?” आम्ही नम्रपणे नाही म्हटले. निधी संस्थेचा, तो सभासदांपुरता राहील. परंतु फलक सबंध गावाचा आहे. त्यावरील वार्ता शेजारच्या आळीतील भूमिहीन मजुरास सांगितली म्हणून आपले काही उणे होत नाही. आणि ती दडविली तर आपणही त्या मध्यस्थांच्याच पंक्तीला बसू. शाळेत आम्ही हजेरीपटावरील सर्व मुलांना एकच धडा शिकविला.

निधीचा ठराव उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेत सातव्या क्रमांकावर आहे. जेवणाच्या गडबडीत तो नेहमीप्रमाणे पुढे ढकलला जाऊ नये एवढीच अध्यक्षमहाराजांस प्रार्थना आहे. ज्यांना आपल्या गावची वही सांभाळावयाची आहे त्यांनी आज रात्री चिटणिसांकडे नावे द्यावीत. कोऱ्या वह्या आम्ही बरोबर आणल्या आहेत.